साबणाचा थेंब नव्हता, प्रज्ञा

प्रज्ञा, मागच्या आठवड्यात तुझ्या शोकसभेत आपले पीएच.डी.चे सर बोलले आणि लोक हसले.

वाईट अर्थानं नव्हे. शोकसभेत कुणीतरी एखादी जुनी गंमत सांगतं, डोळे पुसता पुसता माणसं हसतात आणि जरा हलकी होतात, तसं. सर तुझ्याबद्दल चांगलंच बोलले. कष्टाळू म्हणाले, जिद्दी म्हणाले. बंद पडलेलं अल्ट्रासॉनिक मशीन तू स्क्रू ड्रायव्हर घेऊन स्वतः उघडलं होतंस, तेही त्यांना आठवत होतं. मग चष्मा काढून, हसून म्हणाले, "तशी सुरुवातीला एकदा ती साबणाची गंमत झाली म्हणा. पण वय असतं, घाई असते. पुढे फार चांगलं काम केलं तिनं." मागच्या रांगांत आपल्या वेळची माणसं बसली होती. त्यांना ती गंमत ठाऊक होती, म्हणून तीच हसली.

पहिल्या रांगेत तुझी माय बसली होती.

सभा संपल्यावर जिन्यात काकूंनी माझा हात धरला. "सुनीता, साबणाचं काय म्हणले गं सर? काय केलतं प्रज्ञानं?"

मी म्हणाले, "काही नाही काकू. जुनी गंमत आहे."

"गंमत हाय तं तू काऊन हासली न्हाईस?"

 तेवढ्यात तुझा भाऊ आला, हदगावची गाडी लागलीय म्हणाला आणि त्यांना घेऊन गेला. मी विभागाच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिले. मग लातूरला परत आले आणि दुसऱ्या दिवशी बारावीच्या पोरांना द्रावणं शिकवली. काय शिकवलं ते देवाला ठाऊक.

तर त्या दिवशी मला असं वाटलं बघ. तुझ्या आईला वाटत असणार की आपल्या लेकीनं कधीतरी काहीतरी लबाडी केली होती आणि मोठ्या मनानं लोकांनी ती पोटात घातली. ती लबाडी नव्हती हे दोनच माणसांना ठाऊक होतं. त्यातली एक तू होतीस. दुसरी अजून बारावीला द्रावणं शिकवते.

तुला हे सगळं तोंडपाठ आहे. पण मी ते सलग कधीच सांगितलं नाही, तुलासुद्धा नाही. आठ महिन्यांनी सांगितलं तेव्हाही अर्धं रडत, अर्धं गिळत सांगितलं होतं. म्हणून आता पहिल्यापासून सांगते, आपलं काम ज्यांना कळत नाही त्यांनाही कळेल असं. मध्ये टोकू नकोस. तुला सवय आहे टोकायची.

नांदेडच्या हॉस्टेलवर तू मला पहिल्यांदा भेटलीस तेव्हा मी ट्रंक ओढत होते. तू विचारलंस, "काय करून राहिली?" मी म्हणाले, "सामान लावलालेव की." तू हसून हसून पलंगावर बसलीस. गाव विचारलंस, मी देवणी म्हणाले. तेव्हापासून तू मला देवणीच म्हणायला लागलीस. आमच्या गावच्या गाई माझ्यापेक्षा जास्त नावाजलेल्या आहेत, त्यामुळे ते कौतुक होतं की चेष्टा हे मला पाच वर्षांत कळलं नाही. एकदा विचारलं तर म्हणालीस, "गाय दूध देते, तू निस्ती शिंगं दाखवते." एवढं बोलून माझ्या ताटातली शेंगदाण्याची चटणी उचललीस.

त्याच आठवड्यात सरांनी आपल्या दोघींसमोर ती बोटभर बाटली धरली. आत काकवीसारखं दाट, फिकट पिवळं काहीतरी होतं. सर म्हणाले, हे मीठ आहे. आपण दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मीठ म्हणजे खडा, निदान भुकटी तरी. पण हे मीठ साध्या हवेत पातळच राहतं. वास नाही, उडून जाणं नाही, पाण्यापेक्षा जड. आयनिक द्रव म्हणतात त्याला. आपल्याकडच्या जातीचं पाण्यात मिसळत नव्हतं. ओतलं की सरळ तळाशी जाऊन बसायचं आणि वर पाणी निवांत.

आपलं काम एवढंच होतं की त्याला बसू द्यायचं नाही. हलवून, घुसळून, मशीननं थरथरवून त्याचे इतके बारीक थेंब करायचे की सगळं पाणी दुधासारखं दिसावं आणि तसंच राहावं. याला इमल्शन म्हणतात. कशासाठी, ते तू प्रवेशाच्या मुलाखतीतच सांगितलं होतंस. तुमच्याकडे हदगावच्या बाजूला कापसावर फवारणी झाली की पंप विहिरीच्या कठड्यावरच धुतात. ते औषध विहिरीत उतरतं, पण इतकं थोडं की साध्या तपासणीत सापडत नाही. मात्र त्या औषधाला पाण्यापेक्षा हा आयनिक द्रव जास्त मानवतो. त्याचे थेंब पाण्यात सगळीकडे पसरले तर ते पाण्यातलं औषध वेचून घेतील. मग थेंब गोळा करायचे आणि मोजायचं. "माय त्याच विहिरीचं पाणी पिते," असं तू मुलाखत घेणाऱ्यांना म्हणालीस. 

साबण घातला असता तर काम सोपं होतं. साबण तेल आणि पाणी दोघांना धरून ठेवतो, म्हणून तर हात स्वच्छ होतात. पण साबण मोजणीत लुडबूड करतो. त्यामुळे सरांनी भिंतीवर कागद लावला होता, साबण वापरायचा नाही. बाटल्या धुवायलासुद्धा नाही, कारण काचेवर पुसटसा थर राहिला तरी निकाल खोटा येतो. बाटली अॅसिटोननं धुवायची आणि मग दोनदा ऊर्ध्वपातित पाण्यानं. हा नियम आपण देवासारखा पाळला. पुढचं सगळं तो नियम पाळण्यातूनच झालं.

दोन वर्षं थेंब टिकले नाहीत. बाटली मशीनमधून काढली की पांढरीशुभ्र, आणि चहा पिऊन येईपर्यंत तळाशी पिवळा थर. तू चहा सोडलास. बाटलीसमोर हनुवटी टेकून बसायचीस आणि थराची उंची वहीत लिहायचीस. मी मात्र त्या थरावर खूश असायचे, कारण माझा भाग पुढचा होता. थेंब गोळा केल्याशिवाय मला आतलं औषध मोजता यायचं नाही. तुझं टिकलं पाहिजे आणि माझं फुटलं पाहिजे, असं आपलं भांडण होतं. एका टेबलावर समोरासमोर बसून दोघी एकमेकींचं वाईट चिंतत होतो आणि डबा एकत्र खात होतो.

मग तो उन्हाळा आला. अॅसिटोन संपलं होतं, नवं यायचं होतं. टाकीत पाणी कमी, नळ दुपारी तासभर. तू मामेबहिणीच्या लग्नाला गावी गेलीस आणि जाताना म्हणालीस, "देवणी, आठ बाटल्या धुऊन ठेव. आल्या आल्या लावते."

बाटल्यांना आयनिक द्रव चिकटलेला. नुसत्या पाण्यानं तो हलत नाही. शेजारच्या प्रयोगशाळेतून मागून थोडं अॅसिटोन मिळालं, त्यात तीन बाटल्या झाल्या. पाच राहिल्या. साबण लावायचा नाही. आणि मला आठवली माझ्या पत्र्याच्या डब्यातली माती.

आमच्याकडे काळ्या मातीनं केस धुतात. धुतात म्हणजे माझी आई धुते आणि मलाही तीच सवय. नदीकाठची माती बादलीत कालवायची, जाडसर खाली बसू द्यायची, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात काढायचं आणि ते रात्रभर ठेवायचं. तळाशी लोण्यासारखा गाळ राहतो, तो खरा. केसांचं तेल असं काढतो की शाम्पूनं तोंड लपवावं. आई कंदिलाच्या काचाही त्यानंच घासायची, ओरखडा उठत नाही. हॉस्टेलवर मी तो डबा कपड्यांच्या खाली ठेवायचे. खोलीतल्या परभणीच्या पोरीनं एकदा बघितला होता आणि महिनाभर मला चिखलगाय म्हटलं होतं.

तर मी त्या गाळानं तुझ्या पाच बाटल्या घासल्या. नळ जायची वेळ झाली होती, म्हणून एकदाच खळखळून घेतल्या. काच लख्ख दिसली. साबण लावला नाही म्हणून मला स्वतःचं कौतुकही वाटलं.

तू आलीस आणि आठ बाटल्या लावल्यास. तीन बाटल्यांतलं इमल्शन तासाभरात फुटलं. पाच टिकल्या. संध्याकाळी टिकल्या, दुसऱ्या दिवशी टिकल्या, आठवडा गेला तरी टिकल्या. एकोणीस दिवस त्या पाच बाटल्या पांढऱ्या राहिल्या. सरांनी पेढे आणले. तू त्यातला एक माझ्या तोंडात कोंबलास आणि म्हणालीस, "आता तुह्यं नाही फुटणार, बस रडत." मी तुला इतकं खूश पुन्हा कधी बघितलं नाही. पदवी मिळाली तेव्हाही नाही.

सरांनी लगेच चर्चासत्र ठरवलं. बाहेरून एक तज्ज्ञ आले. त्यांनी सांगितलं, समोर करून दाखवा. नवं अॅसिटोन तोवर आलं होतं, बाटल्या नियमानं धुतल्या होत्या. सगळ्यांच्या देखत बाटली पांढरी झाली आणि त्यांचं भाषण चालू असतानाच तळाशी थर आला. तू दुसरी केलीस. तीही गेली. ते गोड बोलणारे गृहस्थ होते. म्हणाले, "मॅडम, त्या पाच बाटल्यांत साबणाचा एखादा थेंब तर पडला नव्हता ना?" सभागृह हसलं. तू म्हणालीस, "नाही सर." त्यांनी मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

त्या दिवसापासून तू साबणवाली झालीस. सरांनी तुझ्याकडून लेखी खुलासा घेतला. तू तीन महिने पुन्हा पुन्हा तेच केलंस, पाणी बदललंस, बाटल्या बदलल्यास, वेळ बदललीस. आणि एका दुपारी, डबा न उघडता, मला म्हणालीस, "तुह्याकडून झालं असतं तं चूक म्हणले असते. माह्याकडून झालं तं लबाडी." मी म्हणाले, "असं काही नाही गं." पण तसंच होतं. माझ्या आडनावाला गावात शेत आहे, तुझ्या आडनावाला विभागात पहिल्या दिवसापासून भिंग लावलेलं होतं. मला ते दिसत होतं. न दिसल्यासारखं करणं सोयीचं होतं, एवढंच.

आता जे सांगायला जड जातं ते सांगते. चर्चासत्रानंतर साधारण तीन आठवड्यांनी मला कारण कळलं. मी हॉस्टेलच्या न्हाणीत केस धूत होते. खोबरेल तेल जरा जास्त झालं होतं. बादलीत गाळाचं पाणी साचलं होतं आणि त्यावर तेलाचा तवंग यायला हवा होता, तो नव्हता. सगळं पाणी पांढुरकं, गढूळ, तेल आत कुठेतरी धरून बसलेलं. अर्ध्या तासानंही तसंच. मी ओले केस घेऊन बादलीसमोर उकिडवी बसले आणि मला पाच बाटल्या आठवल्या.

त्याच पावली मला तुझ्याकडे यायला हवं होतं. तू दोन खोल्या पलीकडे होतीस. मी केस वाळवले आणि झोपले.

का नाही सांगितलं? प्रबंध द्यायचा होता, सर चिडले असते, असं मी तुला सांगितलं होतं. प्रयोगशाळेत केसांची माती आणली म्हणून अख्खा विभाग हसला असता, हेही सांगितलं होतं. ही दोन्ही कारणं खरी आहेत. तिसरं सांगितलं नव्हतं. माझ्यावर कुणालाच संशय नव्हता, प्रज्ञा. आठ बाटल्या कुणी धुतल्या हे एकानंही विचारलं नाही. संशय तुझ्यावर आपसूक जाऊन बसला होता, आणि तो तिथं बसलाय म्हणून मी सुरक्षित होते. मी ते वापरलं. तुझी मैत्रीण म्हणवून घेत वापरलं. ही चूक नव्हती, याला लबाडीच म्हणतात.

आठ महिन्यांनी मला ते पेललं नाही. विभागाच्या मागच्या पायरीवर तुला सांगितलं. तू ऐकून घेतलंस, उठलीस, चप्पल घातलीस आणि गेलीस. तीन आठवडे बोलली नाहीस. मी डबा एकटी खायचे आणि चव लागायची नाही. मग एका सोमवारी तू गावाहून आलीस, खांद्यावर खताची रिकामी गोणी, तिच्यात दहा किलो काळी माती. ती माझ्या टेबलावर आपटलीस. "चल, कशी काढते तुही माय, दाखव." मी रडायला लागले तर म्हणालीस, "रडू नको, मातीत मीठ जाईल."

मी अजूनही त्या सोमवारावर जगते. तू मला माफ केलंस असं तू कधी म्हणाली नाहीस. तू कामाला लावलंस.

पुढचं वर्ष सगळ्यात चांगलं गेलं. आपल्या काळ्या मातीत कागदाच्या तुकड्यांसारखे फार बारीक, चपटे कण असतात. एरवी ते पाण्यातच रमतात. पण या आयनिक द्रवातले काही भारित कण मातीच्या कणांना जाऊन चिकटतात आणि मग माती धड पाण्याची राहत नाही, धड त्या द्रवाचीही नाही. ती थेंबाच्या कडेवर जाऊन बसते. थेंबाभोवती असे हजार तुकडे बसले की कवच होतं आणि दोन थेंब एकमेकांत शिरू शकत नाहीत. हे तू शोधून काढलंस, मोजलंस, सूक्ष्मदर्शकातून फोटो काढलेस. हदगावची माती, देवणीची माती, शिरूर अनंतपाळहून कुणाकडून तरी मागवलेली माती. देवणीची सगळ्यात चांगली टिकली आणि त्या दिवशी तू जेवली नाहीस.

माझी मात्र पंचाईत झाली. तुझं इमल्शन आता फुटेचना. मी गरगर फिरवलं, तापवलं, मीठ घातलं. आतलं औषध आतच. मी म्हणाले, याचा विहिरीला काही फायदा नाही. तू म्हणालीस, काढायचं कशाला बाहेर, आतच मोडून टाकू. कवचात औषध मोडणारं एन्झाइम ठेवायचं, पंप धुतलेलं पाणी विहिरीत जायच्या आधी एका टाकीत त्याच्यातून जाऊ द्यायचं. मी म्हणाले, एन्झाइम तिथं दोन दिवस जगणार नाही. तू म्हणालीस, जगवू. लोक असल्या थेंबांतून त्वचेला लावायची औषधं नेतात, एरवी जुळत नाहीत अशा दोन पदार्थांची अभिक्रिया घडवतात, मग आपण टाकी का नाही. हे भांडण आपण बारा वर्षं फोनवर केलं. त्याचा निकाल लागला नाही.

प्रबंधात तू एक वाक्य लिहिलंस. 'मातीच्या कणांचा हा परिणाम योगायोगाने लक्षात आला.' माझं नाव नाही, बाटल्या नाहीत, बादली नाही. तू म्हणाली होतीस, तुझी तोंडी परीक्षा होऊ दे, मग तू स्वतः सरांना सांग. सरांनी आपल्यापरीनं कथा जुळवली की पहिल्या वेळी साबण होता, नाचक्की झाली आणि पोरीनं जिद्दीनं माती शोधली. ते ही गोष्ट अभिमानानं सांगायचे. माझी परीक्षा झाली, लातूरला नोकरी लागली, लग्न झालं, मूल झालं. मी सांगते म्हणत राहिले.

तू एकदाच विचारलंस. एका कॉलेजात मुलाखतीला गेली होतीस. समितीतले एकजण हसून म्हणाले होते, "त्या साबणवाल्या मॅडम तुम्हीच का?" तुझी निवड झाली नाही. त्यामुळेच झाली नाही असं मी म्हणणार नाही आणि त्यामुळे नाही असंही मला म्हणता येत नाही. संध्याकाळी तुझा फोन आला. "देवणी, सांगितलं का गं सरायला?" मी म्हणाले, पुढच्या आठवड्यात नक्की. तू "बरं" म्हणालीस. मग माझ्या मुलाचा ताप उतरला का ते विचारलंस. पुढे तू पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत लागलीस, तिथंच राहिलीस, आणि पुन्हा विचारलं नाहीस.

तुझ्या आजारपणाच्या शेवटच्या दोन महिन्यांत मी तुला तीनदा भेटायला आले. तिन्ही वेळा ठरवून आले होते की आज हा विषय काढायचा. तू उशीला टेकून बसली होतीस, हात काड्या झालेले, आणि मला बघितल्या बघितल्या विचारायचीस, "फुटलं का गं तुह्यं?" मी म्हणायचे, नाही. तू खूश व्हायचीस. तेवढ्या खुशीवर मी माझी सुटका करून घेतली. तिसऱ्या वेळी निघताना तू माझा पदर नीट केलास आणि म्हणालीस, "राहू दे आता." कशाबद्दल ते सांगितलं नाहीस. मी विचारलंही नाही. मला वाटतं, तू मला मोकळं केलं होतंस. पण जिन्यात तुझ्या आईनं जे विचारलं त्यातून मोकळं करणं तुझ्या हातात नव्हतं.

म्हणून काल रविवारी मी हदगावला गेले. नांदेडला गाडी बदलली. तुमच्या गावच्या फाट्यावर उतरून चालत गेले. काकू ओसरीवर सरकी निवडत होत्या. आत तुझा फोटो बुद्धाच्या मूर्तीशेजारी ठेवलाय, तो पदवीदानाचा, ज्यात तुझी टोपी वाकडी आहे. त्यांनी चहा केला. मी कप खाली ठेवून सगळं सांगितलं. बाटल्या, माती, एकोणीस दिवस, ते तज्ज्ञ, माझी बादली, माझं गप्प बसणं. मुलाखतीचंही सांगितलं. काकूंचे हात सरकीत होते, ते थांबले.

म्हणाल्या, "म्हंजे साबण नव्हता."

"नव्हता, काकू. एक थेंबसुद्धा नव्हता. आणि मला माहीत होतं."

मला वाटलं होतं त्या रागावतील, किंवा जवळ घेतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. "मंग हे मला काऊन सांगतीस, पोरी? माही लेक कशी होती ते मला ठाऊकच हाय. जिन्यात मी तुला इचारलं ते तुह्या तोंडाकडं पाहून इचारलं. ज्यायला ठाऊक न्हाई त्यायला सांग."

मी म्हणाले, नांदेडला जाऊन सरांना भेटेन, या आठवड्यात.

"फोन हाय ना तुह्याजवळ?"

मी सरांना फोन लावला. स्पीकरवर ठेव म्हणाल्या, ठेवला. सरांनी आवाज ओळखला, तब्येत विचारली, लातूरच्या पाण्याची चौकशी केली. मी म्हणाले, सर, प्रज्ञाच्या त्या पाच बाटल्या मी धुतल्या होत्या, केस धुवायच्या मातीनं. साबण नव्हता. मला तेव्हाच कळलं होतं आणि मी बोलले नाही. तीन वाक्यं झाली, प्रज्ञा. मी मोजली. बारा वर्षं ज्याला पुढचा आठवडा मिळत नव्हता ते एवढंच होतं.

 मागे सरांचा टीव्ही चालू होता, तो कुणीतरी बंद केला. मग ते हळू आवाजात म्हणाले, "सुनीता, आता हे उकरून काय उपयोग? ती तर गेली बिचारी."

 काकू पुढे सरकल्या, फोनवर वाकल्या आणि नीट ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानं बोलल्या.

"मी हाय ना, सर."